नाताळच्या सुट्टीत वसतिगृह बंद राहील

समुपदेशक म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा आमच्या ह्यांना जेवता जेवता हसून ठसका लागला. "तू? तू लोकांचं ऐकून घेणार?" म्हणाले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी जात्याच तापट. भाजीवाल्यापासून बिशपसाहेबांपर्यंत कुणाचंही वाक्य मी पुरं होऊ देत नसे. पण आमच्या ख्रिस्ती विद्यापीठाला वरून आदेश आला होता की विद्यार्थ्यांसाठी समुपदेशन केंद्र हवंच, आणि मानसशास्त्राची पदवी असलेली रिकामी बाई मी एकटीच सापडले. आलीया भोगासी म्हणून मी हो म्हटलं.

केंद्र म्हणजे चॅपलच्या मागची एक खोली. आधी तिथं फुटकी बाकं, जुनी पेटी आणि नाताळच्या कागदी चांदण्या ठेवत. दारावर बारा आकडा रंगवलेला होता. आम्ही मोठी पाटी लावली, तरी पोरांनी नाव बारा नंबरच ठेवलं. "का बे, बारा नंबरात गेलतास का?" असं एकमेकांना चिडवायचे. त्याचा अर्थ, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? त्यामुळे सुरुवातीला माझ्याकडे जे आले ते बरेचसे वाट चुकून आले, किंवा कुणीतरी धरून आणलेले.

केजचे एक गृहस्थ आपल्या धिप्पाड मुलाचं मनगट धरून आले होते. उभ्या उभ्याच म्हणाले, "मॅडम, ह्याला प्रेम झालंय. काढून टाका." जणू अक्कलदाढ. मी मुलाला बसवलं आणि वडिलांना म्हटलं, तुम्ही जरा बाहेर थांबा. ते भडकले. "बाप मी, आन बाहीर मीच?" शेवटी दाराबाहेर बसले आणि दर थोड्या वेळानं आत ऐकू येईल असं खोकत राहिले. मुलाला प्रेमबिम काही झालं नव्हतं. त्याला पदार्थविज्ञान डोक्यावरून जात होतं. नापास होतोय हे घरी सांगण्यापेक्षा प्रेमात पडलोय हे सांगणं त्याला सोपं वाटलं होतं. वडिलांना आत बोलावून त्यानं स्वतःच्या तोंडानं खरं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग पोरगी कोन हाय ती?" त्यांना ती पोरगी सोडवेना.

त्या मुलानं मला माझा धंदा शिकवला असं म्हटलं तरी चालेल. बाहेरच्यांना वाटतं, आम्ही सल्ले देतो. सल्ला काय, पानटपरीवरही मिळतो आणि वर सुपारी मिळते. आमचं काम गप्प बसण्याचं. माणूस आल्या आल्या जे सांगतो ते बहुतेक वेळा त्याचं खरं दुखणं नसतं. ते दाराशी ठेवलेली चप्पल असते. माणूस आत यायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आपण तोंड बंद ठेवायचं. माझ्यासारखीला हे महाकठीण. म्हणून मी एक लवंग जिभेखाली धरून बसायची सवय लावून घेतली. लवंग तोंडात असली की बोलावंसं कमी वाटतं. पोरांना वाटायचं मॅडमचे दात दुखतात.

दुसरा नियम त्याहून कडक. खोलीत बोललेलं खोलीबाहेर जात नाही. आईबाप विचारोत, प्राचार्य विचारोत, पास्टर विचारोत. जिवाला धोका असेल तेवढ्यापुरतंच तोंड उघडायचं. हा नियम कागदावर सोपा दिसतो. ज्या दिवशी तो माझ्या गळ्याशी आला त्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे.

आमच्याकडे नर्सिंगचं महाविद्यालय आहे आणि मुलींचं वसतिगृह. मुली बहुतेक आसपासच्या तालुक्यांतल्या, हिंदू शेतकरी घरांतल्या, आणि त्यांतल्या निम्म्याअधिक ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या. दर डिसेंबरात ह्या मुलींची माझ्याकडे रीघ लागे. कुणाचं पोट दुखे, कुणाचं डोकं, कुणाला घास गिळवत नसे. दवाखान्यात तपासलं तर काही सापडत नसे, म्हणून डॉक्टर त्यांना बारा नंबरात पाठवत. डिसेंबरात चाचण्या असतात, तेव्हा मी म्हटलं परीक्षेची भीती. मी त्यांना डोळे मिटून श्वास मोजायला शिकवलं. मुली गुणी. बसायच्या, श्वास मोजायच्या, "बरं वाटलं मॅडम" म्हणायच्या आणि जायच्या. त्यांतल्या काही जानेवारीत परत दिसत नसत. घरगुती अडचण, असं आम्ही म्हणायचो.

त्याच दिवसांत फळ्यावर दरवर्षीची सूचना लागायची. नाताळच्या सुट्टीत वसतिगृह बंद राहील, सर्व विद्यार्थिनींनी दुपारी चारच्या आत खोल्या रिकाम्या कराव्यात. त्यात वाईट काय असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. नाताळ म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचा घरी जायचा सण. सुट्टी लागली की माणूस घरी जातो, यापलीकडे आमची बुद्धी गेली नाही. आणि आम्ही सगळे बीडचे. दिवाळी आटोपली की आमच्या जिल्ह्यातली गावंच्या गावं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्याला जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात, दारांना कुलपं असतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आम्हाला दोन्ही गोष्टी माहीत होत्या. त्या एकमेकींशेजारी ठेवून कुणी पाहिल्या नाहीत.

त्या वर्षी सुट्टीच्या दिवशी सकाळी मी खोली आवरत होते. दारात शीतल उभी राहिली. तलवाड्याकडच्या एका वस्तीवरची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, वय एकोणीस. वॉर्डात तिचा हात फार हलका, म्हातारे पेशंट तिचीच वाट बघत. हातात भरलेली बॅग होती. मी म्हटलं, "निघालीस?" तर म्हणाली, "हो, आबा येणार आहेत चारला, जीप घेऊन." आणि खुर्चीत बसली. बॅग मांडीवरच. वडिलांना ती आबा म्हणे.

मी लवंग तोंडात टाकली. चॅपलमध्ये मुलं गाण्याची तालीम करत होती, तेच कडवं पुन्हा पुन्हा. शीतल खाली बघत होती. पोट दुखतंय का, असं मी विचारणार होते, पण विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती आणि आम्ही दोघी श्वास मोजत बसलो असतो. मी थांबले. लवंगेचा चघळून चोथा झाला तेव्हा ती बोलली.

"मॅडम, आबाला फोन करून सांगाल का? सुट्टीत परीक्षा हाय म्हणून?"

"परीक्षा तर नाहीये."

"तुमी सांगितलं तर ते ऐकतील."

मग हळूहळू बाहेर आलं. जीप घरी जाणार नव्हती, घराला कुलूप होतं. जीप कारखान्याच्या तळावर जाणार होती, जिथं तिचे आईवडील टोळीबरोबर कोपीत राहत होते. कोपी म्हणजे पाचटाची झोपडी. आणि तिथं दोन दिवसांनी तिचं लग्न होतं. टोळीतल्याच एका मुलाशी. त्याचा अर्धा कोयता होता, म्हणाली.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. एकटा माणूस अर्धा कोयता. अर्ध्याला टोळी जमवणाऱ्या मुकादमापाशी मान नाही. म्हणून हंगामाच्या तोंडावर आणि कधी मधेच, तळावरच लग्नं उरकतात.

"मला परत येता यायचं न्हाई मॅडम," ती म्हणाली. "आबा म्हणत्यात येशील. पण कुणीच येत न्हाई."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, चल, आत्ता साहेबांकडे जाऊ. तशी तिनं बॅग घट्ट धरली. "कुणाला सांगू नका. माझ्या लग्नाचं कॉलेजात झालं तर आबाची इज्जत जाईल. तुमी म्हणला होता, खोलीतलं बाहेर जात न्हाई."

म्हटलं होतं खरं. आणि ती सज्ञान होती, तेव्हा पोलिसांत जाऊन बालविवाह म्हणून ओरडायचीही सोय नव्हती. परीक्षेची थाप मारणं सगळ्यांत सोपं. पण त्या जीपमध्ये आमच्याच वसतिगृहातल्या, शेजारच्या वस्तीच्या दोन मुली जाणार होत्या. थाप संध्याकाळपर्यंत तळावर पोहोचली असती, आणि पुढे कुठल्याच बापानं आमच्या शब्दावर पोरगी ठेवली नसती. मी तिला विचारलं, "तुला नक्की काय हवंय? माझं सोड." ती म्हणाली, "मला इथं ऱ्हायचंय. दार उघडं असलं तर मी आबाला म्हणू तरी शकते." एवढंच तिचं मागणं होतं. मी तिला तिथंच बसायला सांगून बाहेर पडले.

वसतिगृहाच्या एस्तेरबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन खिडक्या लावत होत्या. मी म्हटलं, यंदा सुट्टीत एक मजला उघडा ठेवता येईल का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी त्यांची किडनी मागितली. "वर्षाचे हे आठ दिवस माझे आहेत," म्हणाल्या. "माझी लेक बाळंतपणानंतर वाट बघतीय. पाचची गाडी आहे. कुणासाठी हवंय?" मी म्हटलं, सांगता येत नाही. "मग मलाही थांबता येत नाही," म्हणाल्या आणि पुढची खिडकी लावली. मला त्यांचा राग आला, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

तिथून मी रेव्हरंड भालेरावांकडे गेले. ते आमच्या संस्थेचे प्रमुख. भला माणूस, पण पावलोपावली आधी जमीन ठोकून बघणारा. मोठा आवाज असल्यामुळे नाताळच्या नाटकात दरवर्षी सराईवाल्याचं काम त्यांच्याकडे असे. योसेफ आणि गरोदर मरिया रात्रीच्या आसऱ्यासाठी दारोदार फिरतात, तेव्हा जागा नाही म्हणून दार लावणारा तो. मी गेले तेव्हा ते चॅपलच्या पायरीवर बसून पुठ्ठ्याच्या दाराला तपकिरी रंग देत होते.

मी मागणी सांगितली. त्यांनी शांतपणे ब्रश ठेवला. "कुणासाठी? कारण काय?"

"कारण सांगता येत नाही, सर."

"मग परवानगीही देता येत नाही. मॅडम, तुम्ही विचार करा. हिंदू घरातल्या मुली, नाताळचे दिवस, आणि आपण त्यांना घरी न सोडता इथं ठेवलं. उद्या बाहेर काय बोललं जाईल? पोरींना बाटवायला ठेवून घेतलं म्हणतील. चार टाळकी दगड घेऊन गेटवर आली तर मी काय करू? तुम्ही दगड झेलणार का?"

त्यांची भीती पोकळ नव्हती. पण दोन वाजून गेले होते, खोलीत ती मुलगी बॅग धरून बसली होती, आणि माझी लवंग संपली होती. मी म्हटलं, "सर, हे पुठ्ठ्याचं दार परवा तुम्ही स्टेजवर लावाल तेव्हा लोक तुम्हाला हसतील. खरं दार आज चारला लावताय, त्याचं काय?"

मी हे बोलायला नको होतं. ते लाल झाले. गाणाऱ्या मुलांचे आवाजही बंद पडले. मग ते म्हणाले, "कुणी पालक इथं येऊन, माझ्यासमोर, स्वतःच्या तोंडानं म्हणाला की माझ्या मुलीला ठेवा, तर ठेवीन. पालकानं म्हणायचं. तुम्ही नाही." आणि ब्रश उचलला. दार किलकिलं झालं होतं, पण ते उघडणारा माणूस जीपमध्ये बसून लग्नासाठी मुलगी न्यायला येत होता. आणि त्या लग्नाबद्दल त्याच्यापाशी मी चकार शब्द काढू शकत नव्हते. काढला तर मुलीनं घरची गोष्ट बाहेर फोडली हे त्याला कळणार, आणि मग ती जीपमध्ये कुठल्या तोंडानं बसणार?

चार वाजायच्या आतच जीप आली. पुढच्या सीटवर फेटा बांधलेला एक जाडजूड माणूस होता. तो नवऱ्या मुलाचा मामा, हे नंतर कळलं. शीतलचे वडील अंकुशराव मागून उतरले. काळेसावळे, हडकुळे, पांढरी टोपी, हाताच्या बोटांना पाचटानं कापल्याच्या बारीक रेघा. शीतल माझ्यामागे बॅग घेऊन उभी होती. मी म्हटलं, "भाऊ, आत या, चहा घ्या."

"नगं मॅडम. लांब जायचंय. चल गं शितल."

"दोन मिनिटं. आमच्याकडे पालकांशी बोलल्याशिवाय सोडत नाहीत." ही थाप नव्हती. तो नियम मी त्याच क्षणी केला.

ते खोलीत आले आणि खुर्चीच्या अगदी काठावर टेकले. शीतल दाराशी उभी राहिली. मी मॅडम म्हणून, बाई म्हणून, आई म्हणून शंभर गोष्टी सुनावल्या असत्या. एकही सुनावता येत नव्हती. मी नवी लवंग तोंडात घातली आणि एकच विचारलं. "भाऊ, सुट्टीत शीतल कुठं राहते?"

"आमच्यापाशी. तळावर."

मी गप्प बसले. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. अंकुशराव उठायला लागले, पण प्रश्नाचं उत्तर अर्धंच दिलंय असं त्यांनाच वाटलं असावं. पुन्हा टेकले.

"आता कुटं ठिवायची मॅडम? घराला कुलूप. म्हातारीबी आमच्यासंगं तोडीला. गेल्या साली आलती ही कोपीवर. कोपीला दार नसतंय. आमी पहाटं फडात जायाचो, ऊस तोडाया, आन ही दिवसभर एकली. मुकादमाचा भाचा पानी मागाया आला. एकदा आला, मी कायबी बोललो न्हाई. मग रोजच तहान लागाया लागली त्याला." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "हिच्या आईनं फडात यायचं सोडलं, हिच्यापाशी बसाया लागली, तर मुकादमानं समद्यांसमोर आईबहिनीवरून शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या. काय करनार? तवाच ठरवलं. लगीन करून टाकायचं. धनी असला की कोन बघत न्हाई."

म्हणजे त्यांनीच लग्नाचं सांगितलं. माझ्या तोंडाचं कुलूप निघालं. पण ज्या रागावर मी सकाळपासून पळत होते तो मला सापडेना. आमची सुट्टी, आमचा सण, आमची ती सूचना, आणि त्या लग्नाची तारीख, हे सगळं एका दोरीला बांधलेलं होतं. इतकी वर्षं मी मुलींना श्वास मोजायला लावत होते आणि दोरीचं दुसरं टोक आमच्याच फळ्यावर होतं. मला शरम वाटली, आणि पुन्हा हॉर्न वाजला तेव्हा भीतीही वाटली.

"मुलगा कसा आहे?" मी विचारलं.

"चांगलं हाय पोरगं. दारू न्हाई, काय न्हाई. अर्धा कोयता हाय बिचाऱ्याचा. हिला शिकू देतो म्हनलाय."

"अर्धा कोयता पुरा कुणी करायचा भाऊ?"

त्यांनी मान खाली घातली. मामा आता जीपमधून उतरून दाराबाहेर आला होता. "अंकुश, कावून बसलास बे? दिस मावळंल वाटंत!"

मी म्हटलं, "तुम्ही शीतलला विचारलंत का?"

"पोरीला काय इचारायचं त्यात?"

"मला नका सांगू. ती इथंच उभी आहे."

अंकुशराव वळले. बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. मी मधे बोलले असते तर सगळं नासलं असतं, म्हणून दातांखाली लवंग चावून धरली. शीतल दारातून एक पाऊल आत आली.

"आबा, गेल्या साली आईच्या हातावर कोयता बसला, तवा पट्टी कोनी केली?"

"तूच केलती."

"मला ते काम करायचंय आबा. मला कोयता नगं."

मामा म्हणाला, "आरं पोरीचं काय ऐकतो? तिकडं समदी वाट बघत्यात." अंकुशरावांनी त्याला हातानं थांबवलं आणि मला विचारलं, "आन ठिवायची कुटं? तुमी कुलूप लावता. तुमच्या दारात सोडून जाऊ का हिला?"

"कुलूप लागणार नाही," मी म्हटलं. "पण आमच्या साहेबांना तुम्ही स्वतः सांगायला हवं. माझ्या सांगण्यानं होत नाही."

"आन पुढल्या साली?"

"पुढच्या सालीही." मला तसा शब्द द्यायचा काडीचाही अधिकार नव्हता. मी दिला.

ते उठले. मामाला म्हणाले, "तुमी बसा गाडीत. मी येतो." त्यावर मामा काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

वसतिगृहाच्या मेसमध्ये सुट्टीआधीचं शेवटचं खाणं चाललं होतं. दरवर्षी त्या दिवशी शिरा करतात. मुली सामान शेजारी ठेवून पंगतीत बसल्या होत्या, रेव्हरंड सर शुभेच्छा द्यायला आले होते, एस्तेरबाई घड्याळ बघत दाराशी उभ्या. अंकुशरावांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि सरांना हात जोडले. "साहेब, माझी पोरगी सुट्टीत हितंच ऱ्हाऊ द्या. घराला कुलूप हाय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "आमच्याकडे नाताळ असतो. गाणी होतील, प्रार्थना होतील. तिला कुणी सक्ती करणार नाही. पण उद्या गावात कुणी काही बोललं तर?"

"गाव कुटंय साहेब?" अंकुशराव म्हणाले. "गाव समदं फडात हाय. बोलाया तितं कोन ऱ्हायलंय?"

शिऱ्याची पातेली, सामानाच्या थैल्या, मुली, सगळ्यांवरून सरांची नजर फिरली. मग त्या मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं, "आणखी कुणाच्या घराला कुलूप आहे?"

कुणी हललं नाही. मुली ताटात बघू लागल्या. आपलं घर बंद आहे, आपले आईबाप उसाला गेलेत, हे वर्गातल्या मुलींसमोर कोण सांगणार? मला वाटलं, झालं, आता सर म्हणतील की बघा, एकटीच आहे, आणि एकटीसाठी वसतिगृह उघडं ठेवता येत नाही. एस्तेरबाईंच्या हातातला जुडगा वाजला.

तेवढ्यात अंकुशरावांनी आपला हात वर केला. त्यांचं तर आधीच सांगून झालं होतं. तरी शाळेतल्या पोरासारखा हात सरळ वर धरून ते मुलींकडे बघत उभे राहिले, आणि त्या रेघा-रेघांच्या हाताकडे बघता बघता कोपऱ्यातल्या दिंद्रुडच्या एका मुलीनं हात वर केला. मग तिच्या शेजारणीनं. मग मागच्या पंगतीत तीन-चार एकदम. मग ज्यांना मी कधी बारा नंबरात पाहिलं नव्हतं त्यांनी, आणि ज्यांचं पोट दुखत असे त्या सगळ्यांनी. शेवटी निम्म्याहून जास्त मेस हात वर करून बसली होती. मला जानेवारीत परत न आलेल्या मुलींचे चेहरे आठवू लागले आणि मी भिंतीकडे तोंड केलं.

सर म्हणाले, "एस्तेरबाई." त्या म्हणाल्या, "कळलं मला." आणि जुडगा टेबलावर ठेवला. "माझी लेक बाळाला घेऊन इकडं येईल. स्वयंपाक्याला सांगा, गाडी गेली माझी."

जीप शीतलविना गेली. अंकुशराव पुन्हा मागंच बसले, आणि ते तळावर गेल्यावर त्यांना काय काय ऐकावं लागलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. लग्न मोडलं. त्या मुलाचं पुढं दुसरीकडं जमलं असं कानावर आलं. म्हणजे कुणाची तरी दुसऱ्याची मुलगी त्या कोपीत गेली. हे मला आजही सलतं.

नाताळच्या नाटकात सरांनी त्या वर्षी सराईवाल्याचं काम केलं नाही. आवाज बसलाय म्हणाले. मला ठाऊक आहे, आवाज खणखणीत होता.

शीतल आता जिल्ह्यातल्याच एका दवाखान्यात परिचारिका आहे. मी निवृत्त झाले, बारा नंबरात नवी, माझ्यापेक्षा बरीच थंड डोक्याची बाई बसते. पण डिसेंबर लागला की फोन मला येतो. तळावरून, वाऱ्याचा घूं घूं आवाज, मागं ट्रॅक्टर. स्वतःची मुलगी शिकून गेली तरी टोळीतल्या कुणाची ना कुणाची मुलगी आमच्या वसतिगृहात असतेच, आणि तिच्या बापाला भीड वाटते, म्हणून अंकुशराव विचारतात. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"मॅडम, दार उघडं हाय ना?"

मी आता तिथं कुणी नाही. माझ्या हातात किल्ली नाही, अधिकार नाही. म्हणून नोव्हेंबर संपायच्या आधीच मी स्वतः वसतिगृहात जाऊन, फळ्यावर आता नोव्हेंबरातच लागणारी सुट्टीची सूचना, तीत 'उघडं राहील' असंच लिहिलंय ना, हे डोळ्यांनी वाचून येते, आणि मग फोनची वाट बघते.